दुसऱ्या कप्प्यातलं पाणी

मला एका जागी बसवत नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. माय म्हणायची, मेंढरामागं जन्मली, दुसरं काय व्हनार. बिडकीनजवळच्या आमच्या वस्तीवर असले की शहरात जावंसं वाटायचं, आणि शहरात कॉलेजात असले की त्याच्याही पुढे कुठेतरी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हे ‘पुढे’ थेट चंद्रापर्यंत जाऊन पोचलं. त्या उन्हाळ्याबद्दल मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही, कारण त्यात शोभा माझीच आहे.

ते लागोपाठचं दुसरं दुष्काळी वर्ष होतं. आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, नऊच मेंढ्या उरल्या होत्या. पूर्वी ते कळप घेऊन दिवाळीनंतर निघायचे, ते आभाळ भरून आल्यावरच परतायचे. आता त्यांच्या जुन्या वाटेवर कारखान्यांसाठी रुंद सिमेंटचे रस्ते झाले होते, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, दिव्यांचे खांब, पाट्या. सगळं होतं, फक्त कारखाने अजून यायचे होते. नऊ मेंढ्या त्या मोकळ्या रस्त्यावरून चालायच्या आणि आबा मागून कुंपणाला शिव्या घालत जायचे. शेवटी ते एका खडी क्रशरवर राखणदार म्हणून लागले. माय आणि शेजारच्या काकी, म्हणजे माझी चुलती, रोजगार हमीच्या कामावर माती उपसायला जायच्या. मी सकाळच्या बसने शहरात जायचे आणि बसमध्येही बहुतेक उभीच असायचे, जागा असली तरी.

अशात विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा निघाली. रॉकेटचं काम संपलं की त्याचा वरचा टप्पा, म्हणजे रिकामी झालेली इंधनाची टाकी आणि इंजिन, भंगार होऊन अंतराळात भटकत राहतो. तो वाया घालवण्याऐवजी चंद्रावर उतरवायचा, उरलंसुरलं इंधन सोडून द्यायचं, टाकी आडवी करायची, आत माणसाला राहण्याजोगी खोली करायची, आणि वरून चंद्राचीच माती पोत्यांत भरून रचायची. चंद्रावर हवा नाही. उन्हात भाजून निघतं, सावलीत गोठून जातं, आणि वरून घातक किरण येतात ते वेगळेच. त्या सगळ्याला मातीचा जाड थर अडवतो. पृथ्वीवरून विटा-सिमेंट न्यायचं म्हटलं तर त्यातच सगळी ताकद खर्च व्हायची. तेव्हा बरोबर आलेलं भंगार आणि पायाखालची माती, एवढ्यावरच घर उभं करायचं, आणि त्याचा नमुना बांधून दाखवायचा.

मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी बिऱ्हाडच की,” ते म्हणाले. “घोड्यावर मावंल तेवढं न्यायचं, बाकी समदं तिथलंच. त्याला कालिजात कशाला जाया पायजे?”

माझ्या जोडीला शहरातल्या शहागंजचा एक मुलगा होता, भंगारवाल्याचा. आम्ही दोघंच. बाकीच्या मुलांनी थर्माकोल आणि रंग आणले, आणि आम्ही मात्र खरीखुरी टाकी करायची असं ठरवून बसलो, कारण दोघंही हट्टी. त्याच्या अब्बांनी चिकलठाण्याच्या एका बंद पडलेल्या डेअरीचा माल उचलला होता. त्यात दुधाच्या टँकरची स्टीलची टाकी होती. चाकं गेलेली, गाडी गेलेली, पण टाकी लखलखीत. आत मधोमध पडदी, म्हणजे दोन कप्पे, आणि दोन्ही कप्प्यांना वरून एकेक गोल झाकण. रॉकेटची टाकी याहून फार वेगळी नसते, फक्त तिचा पत्रा पातळ असतो आणि तिच्यात दूध नसतं.

मातीही फुकट मिळाली. चंद्राकडे पाहिलं की जे काळे डाग दिसतात तो थिजलेला लाव्हा आहे, आणि आपला काळा दगडही तोच. आबांच्या क्रशरवर खडीखाली जी बारीक भुकटी साठते ती नखात, पापण्यांत, डब्यातल्या भाकरीत शिरते. चंद्रावरची माती अशीच, किंबहुना याहून वाईट. तिला कधी वारा-पाणी लागलेलं नसल्यामुळे तिचे कण काचेसारखे टोकदार राहिलेत. आम्ही टेम्पो भरभरून ती भुकटी वस्तीजवळच्या गायरानात आणली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरली. रचण्याचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. ते आम्हाला दोघांनाही एक गोणी सरळ ठेवू देत नव्हते. वारा कुठून येतो, उतार कुठे आहे, खालच्या अंगाला असलेला टाकीचा व्हॉल्व्ह कसा मोकळा राहायला हवा, हे त्यांनी चार वेळा सांगितलं आणि पाचव्यांदा गोण्या काढायला लावल्या. शहागंजचा मुलगा हात जोडून म्हणायचा, “आबा, तुम कोई बी कालेज में पढा सकते.”

पुढच्या कप्प्यात आम्ही फळ्यांची जमीन केली, निजायला सतरंजी, दिवा, बाहेरची हवा आत ओढणारा छोटा पंखा. मागच्या कप्प्यात माणूस नव्हता. तिथे आम्ही दोन तापमापक आणि त्यांची नोंद ठेवणारी एक काळी डबी टांगली होती. दहा दिवस झाकण उघडायचं नाही, डबीला हात लावायचा नाही, म्हणजे मातीखाली आतली हवा किती थंड राहते त्याची कोणी हात न लावलेली नोंद मिळेल. अकराव्या दिवशी परीक्षक येणार, नोंद घेणार, मी पुढच्या कप्प्यात उतरणार, ते वरून झाकणाला सील लावणार, आणि तीन दिवसांनी येऊन मला बाहेर काढणार. हे जमलं तर सहा महिने दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. गटातल्या एकालाच. आम्ही आधीच ठरवलं होतं की मीच जायचं, कारण त्याला दुकान सुटत नव्हतं.

मला ते किती हवं होतं हे सांगताना आजही हाताची मूठ वळते. तिथे काय काम करायचं ते मला नीट माहीतही नव्हतं. जायचं होतं, बस. टँकरची वाट बघणाऱ्या, दर चौथ्या दिवशी विहिरीभोवती दोर टाकून भांडणाऱ्या, आभाळाकडे बघून बोलणाऱ्या या माणसांतून मला सुटायचं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरचा टँकर यायचा आणि पाणी कोरड्या विहिरीत ओतून जायचा. निम्मं खडकात मुरायचं, उरलेलं बायका गाळासकट ओढून काढायच्या. मी त्यावेळी मुद्दाम कॉलेजात उशिरापर्यंत थांबायचे.

माय आमचं काम येता-जाता बघायची. एकदाच तिने विचारलं, “आत किती दिस?”

“तीन.”

“आन् दार?”

“बंद. पाहुणे सील लावून जाणार. मधे उघडलं तर सगळं बाद.”

“पाणी?”

“चार बाटल्या.”

 ती डोक्यावरची पाटी सावरून कामावर गेली. आमच्या घरात एक रीत आहे. कळप घेऊन नव्या जागी पोचलं की घोड्यावरचं अंथरूण उतरवायच्या आधी घरातल्या बाईने पाणी भरून आणायचं. कितीही लांबून आणावं लागो, पोरं रडत असोत, अंधार पडत असो, आधी पाणी. मायने जन्मभर हेच केलं होतं. मला ही रीत माहीत होती, पण तिचं काही कौतुक नव्हतं. आमच्या आराखड्यात पाण्यासाठी एक चौकोन होता आणि त्यात मीच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, “पाणी : पृथ्वीवरून.”

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी शहागंजला गेले. मोठा आराखडा कापडावर छापून घ्यायचा होता आणि छापणारा दर तासाला अजून एक तास सांगत होता. मी त्याच्या दुकानासमोर इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेजारच्या बांगड्यावाल्याने मला स्टूल आणून दिलं. मी बसले नाही. शेवटची बस गेली म्हणून आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी शहागंजच्या मुलाच्या मोटरसायकलवर, कापडाची गुंडाळी भाल्यासारखी उभी धरून, वस्तीवर आले.

गायरानात ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ओले माग होते. मागच्या कप्प्याचं झाकण उघडं होतं. मी गोण्यांवरून चढून आत बघितलं तर माझंच तोंड दिसलं. कप्पा काठोकाठ भरलेला होता. झाकणातून एक काळी रबरी नळी निघून पुढच्या कप्प्याच्या तारांच्या भोकात गेली होती, फडक्याने घट्ट बांधून. ती कशासाठी आहे हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

“माय!”

ती घरातून लगबगीने आली. त्या दिवशी ती कामावर गेली नव्हती, आबाही क्रशरवरून सुटी घेऊन घरी थांबले होते. माय धुतलेलं लुगडं नेसली होती.

“ती डबी कुठंय?”

“हाय की. पुसून देवाजवळ ठिवली. भिजूस दिली नाय. आतून समदं राखंनं घासून घेतलं मी, लई भुकटी व्हती.”

शहागंजच्या मुलाने धावत जाऊन डबी आणली, लॅपटॉप काढला. तार उपटली तेव्हा डबी नोंद लिहीत होती. फाईल उघडेना. त्याने दोन-तीन वेळा करून पाहिलं, मग लॅपटॉप हळूच मिटला. दहा दिवस गेले होते. दुसरी प्रत नव्हती, कारण दहा दिवस कोणी हात लावायचा नाही हा नियम आम्हीच केला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मायला काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. अडाणी म्हणाले. तुम्हा लोकांना भांडं दिसलं की ते भरल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणाले. तुम्हाला पाण्यापलीकडे काही दिसतच नाही, म्हणाले. ‘तुम्हा लोकांना’ असं मी माझ्या आईला म्हणाले.

“अगं, ते तुला...” एवढंच ती बोलली. मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

मी खालच्या अंगाला गेले, व्हॉल्व्हचा दांडा फिरवला आणि तो खेचून हातात घेतला. मांडीएवढी धार उसळली. पाणी मुरमावरून उताराला लागलं. ते काढून काय साधणार होतं? काहीच नाही. नोंद परत येणार नव्हती. राग तेवढा निघणार होता, आणि तो मला त्या क्षणी सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता.

“अरे पागल हो गई क्या! नक्को कर, पानी है ये!” शहागंजचा मुलगा ओरडला. त्याने माझ्या हातातला दांडा ओढायचा प्रयत्न केला, मी दिला नाही. त्याने दोन्ही तळहात व्हॉल्व्हवर दाबून धरले आणि पाणी त्याच्या कोपरांतून, छातीवरून फुटत राहिलं. वस्तीवरच्या बाकी सगळ्या बाया कामावर गेलेल्या होत्या. माय पळत घरी गेली, हंडा-कळशी घेऊन आली. आबा बादल्या घेऊन आले.  ते दोघं भरत होते आणि मी दांडा घेऊन उभी होते. नऊ मेंढ्या दाव्याला हिसके देत ओरडत होत्या, शेवटी आबांनी त्यांना सोडलं, आणि त्या ओघळात तोंड घालून पीत राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांत धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. अकरा भांडी भरली होती. बाकी ओल तेवढी राहिली, आणि ती दुपारपर्यंत उन्हाने वाळवून टाकली.

परीक्षक तीन वाजता आले. भली माणसं होती. एकजण चप्पल काढून गोण्यांवर चढले आणि आबांना रचणीबद्दल बारकाईने विचारत राहिले. पण नोंद नाही म्हटल्यावर त्यांना पुढे काही करता येईना. तीन दिवसांच्या मुक्कामालाही त्याशिवाय अर्थ नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. निघताना त्या गोण्यांवर चढलेल्या परीक्षकांनी आमच्या नव्याकोऱ्या छापील आराखड्यासमोर उभं राहून विचारलं, “इथं राहणाऱ्यांना पाणी कुठून देणार?”

मी त्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, वहीत काहीतरी लिहिलं, हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

निवड झाली नाही. पुढे मी चिकलठाण्यात एका कारखान्यात लागले, टाक्यांचे जोड तपासायला, आणि अजूनही तेच करते. दिवसभर एका टाकीकडून दुसऱ्या टाकीकडे चालते, त्यामुळे बरं चाललं आहे. मधल्या काळात शहर विमानतळाच्याही पुढे पसरत गेलं, आमच्याकडचे ते रिकामे रस्ते भरले, पाट्यांवरचं नावही बदलून संभाजीनगर झालं. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, संध्याकाळचं.

परीक्षकांची गाडी गेल्यावर मी घरी आले. घसा सुकला होता. मी माठ कलता केला तर तो रिकामा. घागर रिकामी. मायने ती अकरा भांडी दुपारीच दारोदार नेऊन ठेवली होती, लहान लेकरं असलेल्या घरांत, आणि घरात तांब्याभरही ठेवलं नव्हतं.

“विहिरीत असंल ना?” मी विचारलं. “टँकर कालच आला.”

माय चुलीपाशी बसली होती. तिने चुलीत एक काटकी सारली. तेवढ्यात काकी कामावरून आल्या, फावडं बाहेर टेकवून दारातच थांबल्या. त्यांना वाटेत कोणीतरी सांगितलं असावं.

“सांडलं म्हनं? समदं?”

“व्हय,” माय म्हणाली. “जाऊ दे.”

“जाऊ दे कसं? आमी आमची पान्याची पाळी दिल्ती तिला.” काकी माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. “बावीस घरांनी बसून ठरवलं व्हतं, पोरी. डायवरला म्हनलं, हिरीत वतू नको, पोरीच्या टाकीत वत. तुला तीन दिस कोंडून घालनार, चार बाटल्यात कसं व्हनार? तुझ्या मायनं इचारलं समद्यांना घरोघर जाऊन. तुजा तो नवा मुक्काम. तुला लागंल तेवढं आदी तू घ्यायचं, नळीनं. तू भाईर आलीस की उरलेलं आमी वाटून घेनार व्हतो. तवर जुन्यावरच भागवायचं ठरलं व्हतं.”

विहिरीत कालपासून एक थेंबही ओतलेला नव्हता. पुढचा टँकर तीन दिवसांनी येणार होता.

मला वाटलं होतं त्यांना टाकी दिसली. त्यांना मी दिसले होते. मी ज्यांच्यातून सुटायला धडपडत होते त्यांनी मला अडवलं नव्हतं. स्वतःच्या तोंडचं पाणी काढून माझ्या निघण्याची तयारी केली होती. मी मायच्या पायाशी बसले आणि मला रडूही येईना. ती म्हणाली, “मला त्या डबीचं ठावं नव्हतं, बाई.” म्हणजे तीच माझी माफी मागत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी शहागंज गाठलं. तो मुलगा अजून रागात होता, पण त्याने अब्बांच्या टेम्पोत दुकानातले ड्रम चढवले, आणि ओळखीच्या एका बोअरवर आम्ही ते भरून घेतले. दोन दिवस आम्ही तेवढंच करत होतो. टेम्पो वस्तीच्या तोंडाशी थांबायचा आणि मी हंडा कमरेवर घेऊन एकेका घरात जायचे. मला वाटत होतं कोणीतरी चार शब्द सुनावेल. मी त्याची वाटच बघत होते.  उलट एका घरात मला गूळ दिला. एका म्हाताऱ्या बाईने, तू कशाला वाहतीस, कालिजातली पोर, म्हणून हंडा हातातून घेतला.

शेवटचं घर काकींचं ठेवलं होतं मी, धीर होत नव्हता म्हणून. त्यांनी हंडा उतरवून घेतला, पाणी गाळून रांजणात ओतलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, “मंग, तुजं जायचं काय झालं?”

“नाही झालं, काकी. निवड नाही झाली.”

त्यांना वाईट वाटलं. तोंडावर दिसलं ते. थोडा वेळ रांजणावर झाकण ठेवत, काढत, परत ठेवत त्या काहीतरी हिशेब करत राहिल्या.

“व्हईल की फुडच्या बारीला,” त्या म्हणाल्या. “फकस्त दोन दिस आदी सांग. टँकरच्या पाळीला धरून पुन्यांदा भरू.”